जिन्यावरचा नाच आणि गाळलेला संप

१९४२ सालचा 'यांकी डूडल डँडी' हा सिनेमा मी आत्तापर्यंत चार वेळा बघितलाय आणि चारही वेळा शेवटच्या पाच मिनिटांत माझे डोळे भरून आलेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ह्याला देशभक्तीचे सिनेमेच चालत नाहीत. चालतात, चांगले चालतात. आणि सिनेमा मनापासून आवडतो म्हणूनच त्यात जे गाळलंय ते जास्त खुपतं.

आधी ती पाच मिनिटं सांगतो. केस पांढरे झालेला जॉर्ज एम. कोहॅन, ज्याच्या आयुष्यावर हा सिनेमा आहे तो अमेरिकन नाटकवाला, व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना भेटतो, पदक घेतो आणि जिना उतरायला लागतो. भलामोठा जिना, भिंतीवर तसबिरी. सुरुवातीला तो नुसता उतरतोय, म्हाताऱ्या माणसासारखा, मग एका पायरीवर पाय जरा वेगळा पडतो, मग पुढच्या पायरीवर आणखी एक ठेका, आणि बघता बघता हा गडी टॅप करत, पायऱ्यांवर मागेपुढे होत, थेट खालपर्यंत नाचत येतो. ही करामत कोहॅनचं काम करणाऱ्या जेम्स कॅग्नीने ऐनवेळी स्वतःच्या मनाने केली, डायरेक्टरला न विचारता. मग तो बाहेर रस्त्यावर येतो तर सैनिकांची पलटण चाललीये आणि ते गाणं म्हणतायत, 'ओव्हर देअर', जे ह्यानेच पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या महायुद्धात लिहिलेलं. तो त्यांच्याबरोबर पावलं टाकायला लागतो पण तोंडून शब्द फुटत नाही, तर बाजूचा एक शिपाई, ज्याला हा कोण आहे ते माहीतच नाही, त्याला विचारतो की काय आजोबा, हे गाणं आठवत नाही का. तिथे माझा बांध फुटतो.

आता हा कोहॅन कोण, तर १८७८ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात जन्मलेला आयरिश वंशाचा पोरगा, आईबाप दोघंही फिरत्या रंगमंचावर पोट भरणारे, बहीण जोसी नाचणारी, आणि चौघं मिळून 'द फोर कोहॅन्स' म्हणून गावोगाव खेळ करायचे. आपल्याकडे तमाशाच्या फडात पोरं विंगेतच वाढतात ना, अगदी तसंच. पुढे १९०४ मध्ये 'लिटल जॉनी जोन्स' हे संगीत नाटक त्याने ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांच्या पेठेत, आणलं आणि मग लिहिणं, चाली लावणं, गाणं, नाचणं, बसवणं, पैसे घालणं असं सगळं एकटाच करायला लागला. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि लगेच त्याने 'ओव्हर देअर' लिहिलं. १९३६ मध्ये त्यांच्या संसदेने त्याला सुवर्णपदक मंजूर केलं, ते त्याने रूझवेल्टच्या हातून घेतलं १९४० मध्ये. सिनेमात मात्र ती भेट थेट युद्धाच्या धामधुमीत आणून ठेवलीये.

सिनेमाचं शूटिंग सुरू व्हायला आणि ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर बाँब पडायला एकच गाठ पडली. डायरेक्टर मायकेल कर्टिझ, मूळचा बुडापेस्टचा ज्यू, १९४२ मध्येच त्याने 'कॅसाब्लांका' पण केला. न्यूयॉर्कचा पहिला खेळ २९ मे १९४२ ला झाला, आणि त्या खेळाला तिकीट नव्हतंच, वॉर बाँड, म्हणजे युद्धासाठी सरकारला पैसे उसने दिल्याचा रोखा, घ्यायचा आणि त्यावर सीट मिळवायची, २५ डॉलरपासून २५ हजार डॉलरपर्यंत. आपल्याला हे वाचून लगेच ८ जुलै १९२१ आठवतो, मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्या दोन कंपन्यांच्या दोन नटवर्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र उभं राहून केलेला 'संयुक्त मानापमान'. देशासाठी थेटर भरवायचं आणि गल्ला देशाला द्यायचा, ह्यात मला तरी काही खोटं वाटत नाही. १९४२ मध्ये समोर हिटलर होता. त्या लढाईसाठी पैसे आणि उमेद गोळा करणारा सिनेमा काढला तर त्याला 'प्रोपगंडा' म्हणून नाक मुरडणारे लोक मला पटत नाहीत. आणि सिनेमा होताही तसाच उत्तम, कॅग्नीला त्यावर ऑस्कर मिळालं ते काही फक्त झेंडा फडकवला म्हणून नाही मिळालं, कोहॅनची ती ताठ पायांची, पुढे झुकलेली, जरा कोंबड्यासारखी चाल त्याने अशी उचललीये की बघत राहावं.

म्हणजे माझा आक्षेप देशभक्तीला नाही आणि नाचगाण्यालाही नाही. आक्षेप आहे तो १९१९ च्या ऑगस्ट महिन्याला. तो महिना सिनेमात नाहीच.

त्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी संप केला. 'ॲक्टर्स इक्विटी' ही त्यांची संघटना १९१३ ची, पण निर्माते तिला मोजायलाच तयार नव्हते. मागण्या काय होत्या ते बघा, म्हणजे कळेल की प्रकरण किती साधं होतं. तालमीचे पैसे मिळत नसत, आणि तालमी किती दिवस चालवायच्या ह्याला धरबंध नव्हता, आठवड्यांमागून आठवडे फुकट राबायचं आणि मग नाटक चार दिवसांत बंद पडलं तर घरी जायचं. कपडे पुष्कळदा स्वतःच्या खिशातून. जादा खेळ लावला तर त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दौऱ्यावर नाटक बंद पडलं तर जिथे असाल तिथे अडकलात, परतीचं भाडं तुमचं तुम्ही बघा. एवढंच. ह्यासाठी नट रस्त्यावर आले, कोरसमधल्या पोरी आल्या, त्यांनी वेगळी 'कोरस इक्विटी' काढली आणि मारी ड्रेसलर ही त्या काळची मोठी विनोदी नटी तिची अध्यक्ष झाली. महिनाभर ब्रॉडवेवर थेटरं अंधारात राहिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला निर्मात्यांना नमतं घ्यावं लागलं आणि इक्विटी जिंकली.

आणि कोहॅन? तो ह्या संपाच्या विरोधात उभा होता. नुसता विरोधात नाही, विरोधकांचा म्होरक्या. फिरत्या रंगमंचावर लहानाचा मोठा झालेला, अडकून पडणं म्हणजे काय ते ज्याने आईबापाबरोबर जवळून बघितलं असणार, तो माणूस निर्मात्यांच्या बाजूने उभा राहिला, कारण तोवर तो स्वतः मोठा निर्माता झाला होता. इक्विटीला शह द्यायला 'ॲक्टर्स फिडेलिटी लीग' निघाली, तिच्यात तो पुढे होता. जुने दोस्त तुटले, क्लबांचे राजीनामे दिले, सॅम हॅरिस ह्या निर्मात्याबरोबरची इतक्या वर्षांची भागीदारी संपानंतर थोड्याच काळात संपली. सिनेमात ही भागीदारी कशी संपते तर गळ्यात गळे घालून, हॅरिसला काम करायचंय आणि कोहॅनला आता जग फिरायचंय. कोहॅन मरेपर्यंत इक्विटीचा सभासद झाला नाही.

आता लोक म्हणतील की चरित्रपटात थोडं इकडंतिकडं होतंच, त्याचा एवढा काय बाऊ. मान्य आहे, सगळं इकडंतिकडं सारखं नसतं पण. सिनेमात कोहॅनचा जन्म ४ जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी झालाय, बाहेर मिरवणूक, बँड, झेंडे, आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आहे ३ जुलै. अख्खं घर आयुष्यभर ४ जुलैच सांगायचं. असू दे की, कुणाचं काय बिघडलं. दुसरी गोष्ट बायकांची. खऱ्या आयुष्यात दोन लग्नं झाली, सिनेमात एकच 'मेरी' नावाची बनवलेली बायको आहे, जोन लेस्लीने केलेली, गोड. इथे मी जरा अडखळतो, कारण पहिली बायको एथेल लेव्ही ही स्वतः त्याच्या नाटकांतली स्टार होती, तिला पार पुसून टाकलं, तिने पुढे सिनेमा काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीला कोर्टात खेचलं आणि ती हरली. तिच्यावर अन्याय झाला असं मला वाटतं. तरीही घरातलं घरात म्हणून एक वेळ सोडून देता येतं.

संप सोडून देता येत नाही, कारण तो घरातला मामला नव्हता. हजारो माणसांच्या पोटाचा, भर रस्त्यावर घडलेला, सगळ्या पेपरांत छापून आलेला मामला. ज्या धंद्याचं गुणगान हा सिनेमा दोन तास करतो त्याच धंद्यातली ही सगळ्यात मोठी घटना, आणि त्यात नायक चुकीच्या बाजूला होता. माणूस नाचला कसा हे दाखवायचं आणि त्याच्यामागे ओळीत नाचणाऱ्या पोरींना तालमीचे पैसे मिळू नयेत म्हणून तो भांडला हे नाही दाखवायचं, तर मग आपण त्या पोरींना दुसऱ्यांदा फुकट राबवतोय असं मला वाटतं. त्या पडद्यावर पण पाठीमागेच नाचतायत आणि त्यांची गोष्ट तिथेही नाही.

गाळला कसा तर त्यात गूढ काही नाही, कोहॅन जिवंत होता. आजारी होता, पण शुद्धीवर होता, आणि त्याने वॉर्नर ब्रदर्सला हक्क विकताना पटकथेवर शेवटचा शब्द आपला ठेवला होता. प्रीमियर खरं तर ४ जुलैला करायचा होता तो त्याच्या तब्येतीपायी अलीकडे ओढला, आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला तो गेला. मरणाच्या दारातल्या माणसाला त्याची आयुष्यातली वाईट बाजू दाखवू नये हे माणुसकीच्या अंगाने मला समजतं, अगदी मनापासून समजतं. पण मग त्याला 'जीवनपट' म्हणून देशापुढे ठेवायचं की वाढदिवसाची भेट म्हणून त्याच्या घरी द्यायचं, हे ठरवायला पाहिजे.

आणि ह्यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे कॅग्नी. ज्याने कोहॅन साकारला तो कॅग्नी स्वतः युनियनवाला, तोही कट्टर. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतला, व्हॉडेव्हिलमध्ये, म्हणजे नाचगाण्याच्या फुटकळ खेळांत, पाय घासून वर आलेला, 'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड' ह्या सिनेनटांच्या युनियनचा सुरुवातीपासूनचा माणूस, आणि ज्या १९४२ मध्ये हा सिनेमा लागला त्याच वर्षी तो गिल्डचा अध्यक्ष झाला. कॅलिफोर्नियातल्या संपकरी शेतमजुरांना मदत केली म्हणून त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा ठपका आला होता, १९४० मध्ये देशविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदेच्या डाइस कमिटीपुढे जाऊन त्याला आपलं नाव धुऊन घ्यावं लागलं होतं. त्याचा भाऊ विल्यम हा निर्मिती बघायचा, आणि भावाच्या नावावरचा तो डाग कायमचा जावा म्हणून असा देशभक्तीने ओतप्रोत सिनेमा करायचा हा दोघांचा विचार होता. म्हणजे बघा, मजुरांच्या बाजूने उभं राहिल्यामुळे ज्याच्या देशप्रेमावर शंका घेतली गेली, त्याला आपलं देशप्रेम सिद्ध करायला मजुरांच्या विरोधात उभं राहिलेल्या माणसाचा रोल करावा लागला, आणि तो विरोध पडद्यावर येऊही द्यायचा नव्हता. मला हे कळलं तेव्हापासून त्या जिन्यावरच्या नाचाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.

कॅमेऱ्यामागचा माणूस पण सांगायलाच हवा. जेम्स वाँग हाऊ, हॉलिवूडच्या सर्वोत्तम कॅमेरामनांपैकी एक, चीनमध्ये जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला. पण १८८२ पासूनचा चिनी लोकांविरुद्धचा कायदा लागू होता, तो १९४३ मध्ये रद्द झाला, म्हणजे झेंड्यांच्या त्या अख्ख्या मिरवणुकीवर ज्याने लाइट लावले त्याला त्या झेंड्याचं नागरिकत्व मागायचीही सोय नव्हती. आणि शूटिंगच्या त्याच हिवाळ्यात, १९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्टनी तो हुकूम काढला ज्यामुळे सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत नेऊन टाकलं, त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. लॉस एंजेलिसजवळच्या सांता ॲनिटा रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यांत बायकापोरं राहिली. स्टुडिओपासून मोटारीने जाता येईल एवढ्या अंतरावर. हे सगळं सिनेमात यायला हवं होतं असं मी म्हणत नाही, एका नटाच्या गोष्टीत ते मावणार पण नाही. पण संप मावला असता. तो त्याच नटाच्या आयुष्यातला आहे.

युद्ध चालू असताना देशात फूट दिसता कामा नये, हा सगळ्यात वजनदार युक्तिवाद आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पोरं आघाडीवर मरत असतात तेव्हा घरच्यांना धीर लागतो. पण सिनेमात काय आलं असतं याचा नीट विचार करा. १९१७ मध्ये ज्याच्या गाण्यावर पलटणी बोटीत चढल्या, तो दोन वर्षांनी आपल्याच माणसांशी भांडला, हरला, एकटा पडला, बाजूला झाला, आणि तरी म्हातारपणी त्याला बोलावून देशाने पदक दिलं. ही गोष्ट १९४२ च्या प्रेक्षकाला खचवणारी होती का? मला तर वाटतं उलट ताकदीची होती, की हा असा देश आहे जिथे नट मालकाविरुद्ध संप करून जिंकू शकतात, आणि हरलेल्या मालकालाही त्याच्या गाण्यासाठी मान मिळतो. जर्मनीत त्या वेळी युनियन उरल्याच नव्हत्या, १९३३ च्या मे महिन्यातच हिटलरने त्यांची ऑफिसं ताब्यात घेतली होती. लढाई कशासाठी आहे हे सांगायला ह्याहून चांगला प्रसंग पटकथाकाराला कुठून मिळणार होता?

आपल्याकडे हा प्रश्न आता रोजचा झालाय म्हणून एवढं लांबण लावलं. दर दोन महिन्यांनी एक चरित्रपट येतो, देशभक्तीचा असला की टॅक्स फ्री करा म्हणून मागणी होते, आणि वारसांची परवानगी ही आधीच घेतलेली असते किंवा वारसच निर्माते-दिग्दर्शक असतात. शाहीर साबळेंवरचा 'महाराष्ट्र शाहीर' २०२३ मध्ये आला तो त्यांच्या नातवाने, केदार शिंदेंनी केला. ज्या वर्षी 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं त्याच वर्षी, आणि ते ज्यांच्या आवाजात घराघरात पोचलं त्यांचीच गोष्ट. नातवाने आजोबांवर सिनेमा करावा ह्यात वावगं काहीच नाही, घरातल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्याला कुठून दिसणार. माझं म्हणणं एवढंच की सिनेमाला जेव्हा राज्याची, देशाची अस्मिता चिकटते तेव्हा त्याच्यावरचा शेवटचा शब्द घराचा राहू नये. घरच्यांनी आठवणी द्याव्यात, फोटो द्यावेत, चूक असेल तिथे चूक म्हणावं, पण नायक ज्यांच्याशी सार्वजनिक ठिकाणी भांडला त्यांची बाजू गाळण्याचा अधिकार करारात लिहून घेऊ नये आणि निर्मात्यांनी तो देऊ नये. आणि टॅक्स फ्री म्हणजे माझ्या तुमच्या खिशातून जातं, तर तिथे मागण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

माझा मामा पंधरा-सोळा वर्षं एका नाटक कंपनीबरोबर लाइट्सवर होता. विदर्भाच्या दौऱ्यात एकदा कंत्राटदार गल्ला घेऊन पसार झाला, मालक आदल्या रात्रीच मुख्य नटाला घेऊन रेल्वेने निघून गेलेले, आणि मामा धरून नऊ जण अकोल्याच्या एसटी स्टँडवर कपडेपटाच्या ट्रंकांवर बसून. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी आजोबांची मनीऑर्डर पोचली. नाइटचे पैसे त्या दौऱ्याचे कधीच मिळाले नाहीत. ह्या मालकांबद्दल मामा आजही बोलतो, तिसऱ्या अंकात ते विंगेतून एंट्री घ्यायचे तेव्हा मामाच्या अंगावर काटा यायचा, असा नट परत होणे नाही म्हणतो, आणि त्याच दमात अकोल्याचा स्टँडही सांगतो, आवाज न चढवता. दोन्ही गोष्टी त्याच्याकडे एकत्रच असतात. त्याला कधी त्यातली एक लपवावी लागली नाही.

गेल्या दिवाळीत मी त्याला हा सिनेमा लॅपटॉपवर दाखवला. इंग्रजी त्याला फार कळत नाही, पण नाटकातलं नाटक बरोब्बर कळतं, पडदा पडल्यावर चौघं कोहॅन हात धरून वाकतात तिथे म्हणाला, "हे खरे नाटकवाले." संपल्यावर मी त्याला १९१९ चं सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "मिळायला लागले का रे मग तालमीचे पैसे?"

मी म्हटलं, लगेच नाही मिळाले मामा, पण फुकट तालमी किती आठवडे घ्यायच्या ह्याला मर्यादा आली, आणि दौऱ्यावर कुणाला टाकून यायचं नाही हे करारात आलं.

"हे दाखवायला पाहिजे होतं," म्हणाला. मग चष्मा पुसून परत लावला. "तो जिना लाव बघू परत एकदा."